मु. पो. जिंजी

जुलै २०२५. चेन्नईत आडी महिना लागला होता. टी. नगरच्या रंगनाथन स्ट्रीटवर ‘आडी तळ्ळुबडी’चे, म्हणजे आडीतल्या सवलतीचे, फलक झळकत होते. गल्लीबोळांतल्या अम्मनच्या देवळांवरचे कर्णे पहाटेपासून एल. आर. ईश्वरींची गाणी ऐकवत होते. आणि तोरैपाक्कमच्या एका फ्लॅटमध्ये पाच जणांचं मराठी कुटुंब जेवणाच्या टेबलाभोवती बसून खोली शोधत होतं. राहत्या घराला जोडून आणखी एक अशी नव्हे; तीन रात्रींपुरती, परगावची.

निमित्त जिंजीचं. ११ जुलैला पॅरिसच्या बैठकीत युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यातले अकरा महाराष्ट्रात आणि बारावा तमिळनाडूत, विळुप्पुरम जिल्ह्यात. पुण्या-साताऱ्याच्या माणसाला हा बारावा किल्ला हजार किलोमीटरवर. चेन्नईतल्या मराठी माणसाला मात्र रायगड, राजगड, साल्हेर सगळे लांब आणि जिंजी तेवढी दीडशे-एकशेसाठ किलोमीटरवर. तरी या घरातलं कोणी दहा वर्षांत तिकडं फिरकलं नव्हतं. जवळच्या देवळाला जायचं राहून जातं, तसंच.

घरात मुलांचे आई-बाबा, सहावीतला मुलगा, दुसरीतली मुलगी आणि विट्याजवळच्या गावाहून पावसाळ्यापुरती आलेली आजी. गाडी स्वतःची. खर्चाची मर्यादा आईनं आधीच सांगून टाकली होती: रात्रीला दोन हजारांच्या वर एक रुपया नाही. आजीची अट एवढीच, की जिना नको आणि संडास खुर्चीचा पाहिजे.

जुलैअखेर सहलीला कोण जातं? शाळा चालू, ऊन अजून तापट, सुटी नाही. म्हणूनच तर भाव उतरलेले असतात. ‘ऑफ सीझन’च्या स्वस्ताईत मुलांच्या तीन गैरहजेऱ्या धरलेल्या असतात, हे हॉटेलवाला सांगत नाही, शाळेच्या डायरीत ‘कौटुंबिक कारण’ लिहिताना ते आपोआप कळतं. पण तमिळनाडूतल्या देवळांच्या गावांत हंगाम कुठला आणि बिनहंगाम कुठला, हे हवामानापेक्षा पंचांगावर जास्त अवलंबून असतं. तिथं प्रत्येक घरात, प्रत्येक किराणा दुकानात रोजचं पान फाडायचं कॅलेंडर टांगलेलं असतं. त्यावर ‘मुहूर्त नाळ’ छापलेलं असलं, की त्या दिवशी गावातली कल्याण मंडपं भरलेली आणि मंडपांच्या आसपासचे लॉजही वऱ्हाडानं भरलेले. आडीत लग्नं होत नाहीत. नवी नवरी या महिन्यात माहेरी पाठवतात. मंडपांना कुलपं, लॉजच्या फळीवर किल्ल्यांची रांग. आजीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “आमच्याकडं तरी आखाडात कुठं लगीन असतंय?” आणि तिच्या लेखी हा मुलूख तेवढा जवळ आला.

तरी आडीत फसगत होते ती होतेच. लग्नं नसतात म्हणून देव काही सुटीवर जात नाहीत. आडी कृत्तिकेला मुरुगनच्या देवळांत गर्दी, आडीच्या अठराव्या दिवशी कावेरीच्या घाटांवर पाऊल ठेवायला जागा नाही. तिरुवण्णामलैला तर दर पौर्णिमेला चौदा किलोमीटरच्या गिरिवलमसाठी, म्हणजे डोंगराच्या प्रदक्षिणेसाठी, लाखांनी माणूस येतो; त्या रात्री तिथं पैसे देऊनही खोली मिळत नाही. या कुटुंबानं आधी २५ ते २७ जुलै असा शनिवार-रविवार धरून जिंजी, कुंभकोणम आणि तंजावरचा बेत केला होता. कुंभकोणमचे दोन लॉज ‘फुल’ म्हणाले, तिसऱ्यानं भाव दीडपट सांगितला. आडीत! मग कळलं, की जवळच्या गंगैकोंड चोळपुरमला राजेंद्र चोळाच्या जन्मनक्षत्राचा, आडी तिरुवादिरैचा, उत्सव आहे आणि २७ तारखेला पंतप्रधान यायचे आहेत. बेत दोन दिवसांनी पुढं सरकला. रविवारी दुपारनंतर निघायचं, बुधवारी रात्री परत. रविवारी संध्याकाळी सगळं पुदुच्चेरी चेन्नईकडं परतत असतं. आपण उलट्या दिशेनं मोकळ्या रस्त्यानं जायचं. आईनं हे दुकानातून आणलेल्या त्या कॅलेंडरची पानं उलटून ठरवलं. मोबाइलवरच्या कुठल्याही बुकिंग अ‍ॅपला हे जमलं नसतं.

आता खोली कुठं घ्यायची?

शब्दांचाच घोळ आधी. चेन्नईत नवा आलेला मराठी माणूस ‘हॉटेल’ अशी पाटी बघून बॅग घेऊन आत शिरतो आणि समोर केळीचं पान मांडलं जातं. तसं पाहिलं तर आपल्याकडंही ‘हॉटेलात जाऊ’ म्हणजे चहाच प्यायचा असतो, पण परगावी हे आठवत नाही. झोपायला मिळतं ते लॉजमध्ये. ट्रिप्लिकेनमधली ‘मॅन्शन’ म्हणजे वाडा नव्हे. एकट्या नोकरदार पुरुषांच्या एका खाटेच्या खोल्या. शिवाय जुना शब्द ‘चौल्ट्री’. चेन्नई सेंट्रलच्या जवळ राजा सर रामस्वामी मुदलियार यांनी १८८८ मध्ये बांधलेली प्रवाशांची चौल्ट्री अजून उभी आहे. गाडीतून उतरलेल्या परक्या माणसानं पहिली रात्र कुठं काढावी, याचं ते एका धनिकानं दिलेलं उत्तर होतं. चौल्ट्रीला तमिळमध्ये म्हणतात सत्तिरम, छत्रम. आपल्या अन्नसत्राचा, अक्कलकोटच्या अन्नछत्राचा हा सख्खा भाऊ. या शब्दाकडं पुन्हा यायचंच आहे.

फोनवर मात्र दोनच शब्द चालतात. “रूम इरुक्का?” खोली आहे का? पलीकडून लगेच उलटा प्रश्न: “फॅमिलिया?” या एका शब्दावर दर, मजला आणि आवाजातला सूर ठरतो. ‘फॅमिली’ म्हटल्यावर मॅनेजर जरा मवाळ होतो, दुसऱ्या टोकाची शांत खोली देतो, जादा गादीचे तीनशे सांगून दोनशेवर येतो. आईचं तमिळ रस्त्यावर शिकलेलं, पण पक्कं. तिचे प्रश्न ठरलेले होते. लिफ्ट आहे की तळमजला? वीज गेली तर जनरेटरवर पंखाच चालतो की एसीही? पाणी खारं की गोडं? गाडी आवारात राहील की रस्त्यावर? आणि शेवटी: चोवीस तासांचा हिशोब की दुपारी बाराचा?

हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, आणि उत्तरेकडून येणाऱ्याला तो सुचत नाही. तमिळनाडूतल्या पुष्कळ साध्या लॉजांत चोवीस तासांचा नियम अजून आहे: रात्री आठ चाळीसला किल्ली घेतली, तर दुसऱ्या रात्री आठ चाळीसपर्यंत खोली आपली. चकचकीत हॉटेलं बाराला बाहेर काढतात. इथल्या उन्हात स्मारकं बघायची वेळ सकाळी अकरापर्यंत आणि चारनंतर. देवळांचे गाभारेही दुपारी बंदच. मधले पाच तास पंख्याखाली पडून राहायला जागा मिळणं, हाच या दिवसांत खोलीचा खरा उपयोग. रात्रीची झोप काय, माणूस गाडीतही काढतो.

फोटोंवर जाऊ नये, हे त्यांना आधीच्या एका सहलीत कळलं होतं. गावाचं आणि लॉजचं नाव राहू दे. फोटोत नांदती वाटणारी खोली प्रत्यक्षात पलंगाएवढीच निघाली, आणि खिडकी उघडली तर समोर हाताच्या अंतरावर दुसरी भिंत. आजी तेव्हाही बरोबर होती. तिनं गादीकडं पाहिलंच नाही, पदर खोचून थेट आत गेली आणि बाहेर येऊन म्हणाली, “आदी मोरी बघायची असती, पोरी. मोरी चांगली तर समदं चांगलं.” पंढरपूरचे मठ आणि तुळजापूरच्या धर्मशाळा पाहिलेल्या बाईचं हे शास्त्र होतं. तेव्हापासून आई फोनवर पलंगाचा फोटो मागत नाही, बाथरूमचा मागते. मॅनेजर गोंधळतात, पण पाठवतात.

जिंजीच्या मुक्कामाचे तीन पर्याय होते. पुदुच्चेरी, तिरुवण्णामलै आणि खुद्द जिंजी. बाबांचा ओढा पुदुच्चेरीकडं. सोमवार ते गुरुवार तिथले दर पडलेले असतात, समुद्र असतो, नाश्ता फुकट असतो. तिथून किल्ला सत्तरेक किलोमीटर. तिरुवण्णामलैहून चाळीसेक. खुद्द जिंजीत बाजारपेठेत आणि तिरुवण्णामलै रस्त्यावर साधे लॉज. फोटोंत निळा ऑइलपेंट, स्टीलची बादली, भिंतीला टीव्ही. भाव बाराशे. त्यावर कर. २०२२ च्या जुलैपर्यंत हजाराच्या आतल्या खोलीला जीएसटी नव्हता; मग तोही लागला, आणि गरिबाच्या लॉजचं बिलही छापील झालं.

“नाश्ता फुकट आहे,” बाबा पुन्हा म्हणाले.

“कितीला सुरू होतो?” आईनं विचारलं.

“आठला.”

तिनं हिशोब मांडला. आठला नाश्ता, पोरांचं आवरून निघायला नऊ, वाटेत एकदा थांबणं, किल्ल्याच्या फाटकाशी साडेदहा-अकरा. राजगिरीचा उघडा काळा खडक तेव्हा तापायला लागलेला असतो, आणि दुपार कलली की वर चढूही देत नाहीत. म्हणजे फुकटच्या इडलीपायी किल्ला खालूनच बघायचा. बाराशेच्या खोलीत झोपलं तर फाटक उघडताना आपण समोर.

असा हिशोब पूर्वीही अनेकांनी केला आहे. अजिंठा बघायला छत्रपती संभाजीनगरहून शंभर किलोमीटर जाणारे आणि पायथ्याच्या फर्दापूरला एमटीडीसीत झोपणारे, यांना एकच लेणी दिसतात असं नाही. फर्दापूरवाला पहिल्या बसनं वर जातो. उलट मामल्लपुरम चेन्नईकरांना इतकं जवळ, की तिथं रात्र काढण्यात तसा अर्थ नाही. तोरैपाक्कमहून निघालं तर सूर्य वर यायच्या आत किनारी मंदिराशी पोचता येतं. तिकीट मोठ्यांना चाळीस रुपये, पंधरा वर्षांखालची मुलं फुकट. पाच जणांच्या कुटुंबाला पुरातत्त्व खात्याचं तिकीट कधीच जड जात नाही. जड जाते ती रात्र.

आणि ती रात्र स्मारकाच्या अंगणात काढता येत नाही, यालाही कारण आहे. १९५८ च्या कायद्यात २०१० मध्ये दुरुस्ती झाली आणि राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, पुढच्या २०० मीटरवर परवानगीची अट. हंपीजवळ नदीपलीकडं विरुपापुर गड्डीवर उभी राहिलेली प्रवासी निवासं २०२० मध्ये न्यायालयाच्या निकालानंतर पाडली गेली. खिडकीतून किल्ला दिसणारी खोली मिळत नाही, मिळूही नये. जिंजीचं गाव तटबंदीपासून दोनेक किलोमीटर पूर्वेला, बसस्टँडभोवती गोळा झालेलं. तिथल्या लॉजच्या गच्चीवरून मात्र संध्याकाळी तिन्ही डोंगर दिसतात: कृष्णगिरी, चंद्रगिरी आणि सगळ्यांत उंच राजगिरी. आईनं गच्चीवर जाता येतं का, हेही फोनवर विचारून घेतलं होतं.

रविवारी रात्री आठ चाळीसला ते पोचले. काउंटरवर लांबट रजिस्टर. नाव, पत्ता, कुठून आलात, कुठं जाणार, कशासाठी. ‘कशासाठी’च्या रकान्यात वरच्या ओळींवर सगळीकडं ‘बिझनेस’ आणि ‘मॅरेज’. मॅरेज सगळी जूनमधली. बाबांनी ‘टूर’ लिहिलं. मुलानं आधार कार्डांचे फोटो दाखवले. आजीनं विचारलं, “माझाबी पत्ता लिहिला का?” नव्हता लिहिला, चेन्नईचा लिहून भागलं होतं. “मुक्काम पोस्ट लिही की रं,” ती म्हणाली. आपल्या भाषेत पत्त्याची सुरुवातच मुक्कामानं होते. पिढ्यान्‌पिढ्या जिथं राहिलो त्या घरालाही आपण मुक्कामच म्हणतो, पुढं पोस्ट, तालुका, जिल्हा. जणू सकाळी निघायचंच आहे.

ज्या राजासाठी जिंजी मराठ्यांची राजधानी झाली, त्याला तर मुक्कामाचं भय होतं. शिवाजी महाराजांनी १६७७ मध्ये दक्षिणेच्या मोहिमेत हा किल्ला विजापूरकरांकडून घेतला आणि मजबूत केला, तेव्हा तो कधी कामी येईल हे कोणाला माहीत होतं? बारा वर्षांनी संभाजी महाराज गेले, रायगडाला वेढा पडला, आणि राजाराम महाराज पन्हाळ्याहून वेष बदलून मोजक्या माणसांनिशी दक्षिणेला निघाले. वाटेत केळदीच्या राणी चेन्नम्मानं आसरा दिला. बेंगळुरूच्या मुक्कामाची हकीकत बखरींच्या वळणानं आजवर सांगितली जाते: धर्मशाळेत उतरलेल्या या साध्या दिसणाऱ्या यात्रेकरूचे पाय दुसरा माणूस धुतोय, हे कोणाच्या तरी नजरेला आलं आणि बोभाटा झाला. खंडो बल्लाळ आणि काही जण मागं राहिले, पकडले गेले, मार खाल्ला, पण बोलले नाहीत; राजा रातोरात पुढं निसटला. धर्मशाळेत कोण कसं वागतं याकडं शेजारच्या ओवरीतल्या माणसाचं लक्ष असतंच, तेव्हाही आणि आताही. १६८९ च्या अखेरीपासून सुमारे आठ वर्षं जिंजीनं हा पाहुणा सांभाळला. मोगलांच्या झुल्फिकारखानाचा वेढा वर्षानुवर्षं चालला. किल्ला पडला तेव्हा राजाराम महाराज आधीच निघून गेले होते.

सोमवारी सकाळी फाटक उघडताना पाचही जण समोर. वारा असा, की मुलीची टोपी पहिल्याच वळणाला गेली. आडीच्या वाऱ्यात पाटा-वरवंटाही उडतो अशी तमिळमध्ये म्हण आहे. फाटकावरच्या रखवालदारानं ती हसत ऐकवली. मुलगा आणि बाबा राजगिरीवर गेले. माकडांपासून पिशवी सांभाळत, दगडी पायऱ्यांनी, अगदी वरच्या कड्याआधीच्या खोल फटीवरचा चिमुकला पूल ओलांडून. वरून खाली पाहिल्यावर मुलगा म्हणाला, की तटबंदी एका डोंगरावरून उतरून दुसऱ्यावर चढते, मध्ये शेतंसुद्धा आहेत. सह्याद्रीच्या किल्ल्यांत एकेका डोंगराचा गड असतो. इथं तीन डोंगर मिळून एक किल्ला, आणि तट सुमारे तेरा किलोमीटरांचा. आई आणि मुलगी खाली कल्याण महालाच्या पायऱ्या चढून उतरल्या. आजी त्या चौकाच्या कडेच्या ओवरीत पाय पसरून बसली. पहिला श्रावणी सोमवार होता, तिचा उपास. पिशवीतून केळं काढलं तर माकड आलं. तिनं त्याला अर्धं दिलं नाही, हे इथं स्पष्ट नोंदवलेलं बरं.

अकराला परत खोलीत. चोवीस तासांच्या हिशोबात अजून साडेनऊ तास शिल्लक. त्यांनी दोनच वापरले. पंखा, आंघोळ, निळ्या भिंती. बाराशेतली ही दुपार पुदुच्चेरीच्या समुद्रापेक्षा स्वस्त पडली की नाही, यावर बाबा काही बोलले नाहीत. झोपले होते.

पुढचा रस्ता विळुप्पुरमवरून पण्रुटीकडं. फणसांचे आणि काजूंचे ढीग, रुंदीकरणाच्या खोदकामाची धूळ. संध्याकाळी गंगैकोंड चोळपुरम. आदल्या दिवशीच्या सोहळ्याचे बांबू अजून रचून ठेवलेले, माणूस मात्र तुरळक. राजेंद्र चोळानं अकराव्या शतकात तंजावर सोडून इथं राजधानी वसवली. राजधानी गेली, देऊळ राहिलं आणि त्याभोवती एक लहान गाव. आत भलंमोठं शिवलिंग. श्रावणी सोमवारी एवढं मोठं लिंग, आजीनं दोनदा प्रदक्षिणा घातली. तमिळ पंचांगात तो श्रावणी सोमवार नव्हता, आडीतला सोमवार होता, म्हणून तर गाभाऱ्यासमोर ढकलाढकली नव्हती.

कुंभकोणमला खोलीचा प्रश्न निराळ्याच रीतीनं सुटला. आजीच्या भावकीतलं एक घर तिथं होतं. खानापूर, आटपाडी, तासगाव, पलीकडं खटाव-माण या दुष्काळी पट्ट्यातली माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पसरली, हे सांगलीकडच्या वाचकाला सांगायला नको. जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं. जिथं सराफकट्टा तिथं एखादी तरी गलाईची भट्टी आणि तिच्यामागं विट्याकडची बोली. तमिळनाडूतली लहान गावंही याला अपवाद नाहीत. जिथं गाववाला तिथं मुक्काम, लॉजची गरजच नाही, हा या लोकांचा जुना रिवाज. पण भट्टीवरच्या माडीवर दोन खोल्या, त्यात घरचे पाच आणि वर पाहुणे पाच? आई संकोचली. नाही म्हणावं तर अपमान, हो म्हणावं तर त्या घरच्या बाईची रात्र गेली. शेवटी तोडगा निघाला: आजी आणि नात माडीवर, बाकीचे तिघं समोरच्या लॉजमध्ये फक्त झोपायला. आजीला भगर आणि शेंगदाण्याची आमटी मिळाली. तीन दिवसांत पोटभर जेवली ती तिथंच. दुसऱ्या दिवशी नागपंचमी. घरच्या बाईनं विळी-सुरीला हात लावला नाही, आणि बत्तीस शिराळ्याच्या गोष्टी सकाळी सातला कावेरीकाठी चालू झाल्या.

दारासुरम तिथून चार-पाच किलोमीटर. बाराव्या शतकातलं ऐरावतेश्वराचं देऊळ, मंडपाला दगडी चाकं आणि घोडे. मुलांनी तिथं जवळजवळ दोन तास काढले. सगळं सविस्तर सांगत बसायचं तर हा निबंध मार्गदर्शिका होईल.

तंजावरच्या लॉजबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की मोरी चांगली होती.

बृहदीश्वराच्या प्राकाराच्या भिंतीवर तंजावरच्या सरफोजी राजांनी १८०३ मध्ये कोरून घेतलेला भोसले वंशाचा लांबलचक मराठी लेख आहे. बुधवारी सकाळी आजी तो बोटानं वाचत होती आणि नातू तिला शेजारची तमिळ पाटी वाचून दाखवत होता. तो लेख वंशावळ सांगतो. पण या प्रवासाच्या दृष्टीनं सरफोजींचा दुसरा एक कागद जास्त मोलाचा आहे. १७९९ च्या तहानं तंजावरचा कारभार कंपनीकडं गेला. आता छत्रांचं काय होणार, ही काळजी राजाला लागली. रामेश्वरच्या वाटेवर तंजावरच्या मराठी राजांनी, बरीचशी राण्यांच्या नावानं, छत्रं बांधली होती. काशीहून निघालेला यात्रेकरू याच वाटेनं जाई. १८०१ मध्ये सरफोजींनी रेसिडेंट बेंजामिन टॉरिन याला पत्र लिहिलं आणि या छत्रांत काय काय होतं ते कळवलं. ब्राह्मणापासून परयापर्यंत येईल त्याला, जोगी-जंगम-बैराग्यांसकट, शिजवलेला भात. ज्याला शिजवलेलं चालत नाही त्याला कोरडा शिधा. पोरांना दूध. आजारी पडलेल्याला औषध आणि वैद्य. गरोदर बाई असेल तर बाळंतपण आणि त्यानंतरचा सांभाळ. वाटेत मेलेल्याचं त्याच्या त्याच्या जातीप्रमाणं क्रियाकर्म. आणि जेवण मध्यरात्रीपर्यंत; मग घंटा वाजवून अजून कोणी उपाशी राहिलं असेल तर हाक मारायची. हे बंद करू नका, एवढंच त्याचं मागणं होतं. जातीपातीच्या ओळी त्या व्यवस्थेतही होत्या, शिधा निराळा आणि भात निराळा हे त्या पत्रातूनच दिसतं. तरी प्रवाशाला रात्री-अपरात्री काय काय लागतं, याची एवढी बारीक यादी करणारा माणूस कधीतरी स्वतः उपाशी वाटेवर चालला असावा असंच वाटतं. आईनं फोनवर विचारलेले प्रश्न त्या यादीपुढं थिटे पडावेत.

त्या छत्रांतलं एक ओरत्तनाडला, तंजावरच्या दक्षिणेला वीसेक किलोमीटर. परतीच्या उलट दिशेला. बाबांनी घड्याळ पाहिलं, आईनं नकाशा पाहिला, आणि गाडी दक्षिणेला वळली. सरफोजींची प्रिया मुक्तांबा. तिच्या इच्छेवरून तिच्या नावानं १८०२ च्या सुमारास उभं राहिलेलं हे मुक्तांबाळ छत्रम. कोरीव लाकडी खांब, मोकळे चौक, एका वेळी किती पानं बसत असतील याचा अंदाज येऊ नये एवढी लांब ओटी. तंजावरच्या छत्रांच्या मिळकतींचा कारभार पुढं सरकारकडं, जिल्हाधिकाऱ्यांच्या हाताखाली गेला, आणि त्यातून शाळा-वसतिगृहं चालली. यात्रेकरू रेल्वेनं जायला लागले तेव्हापासून ही वाट ओसरलेलीच. रस्त्यावरच्या पाटीवरचं ‘सत्तिरम’ मुलीनं अक्षर लावून मोठ्यानं वाचलं. तमिळ तिला शाळेत आहे.

चौकात कोणी नव्हतं. मुलगा घंटा कुठं टांगत असतील ते शोधायला लागला. बाबांनी एका खांबाला पाठ टेकली. आई मनातल्या मनात परतीचे तास मोजत होती: चेन्नई साडेतीनशे किलोमीटर, वाटेत जेवण, उद्या शाळा.

आजी मात्र ओटीवर बसली नाही. गुडघ्यावर हात ठेवून ती चौक ओलांडून मागच्या बाजूला निघाली.

“आई, कुठं चाललात?”

“एवढी माणसं जेवायची,” ती न थांबता म्हणाली, “तर हात कुठं धुवायची ते बघून येते.”